बीसीपी माझ्या डोक्यातून बाहेर काढताना: १५ आठवड्यांच्या नोंदी

ज्यांना आपल्याकडे हेच करायचंय, म्हणजे बिझनेस कंटिन्युइटीचं (काही बंद पडलं तरी धंदा चालू ठेवायच्या प्लॅनचं, बीसीपीचं) काम एका माणसाकडून चार-पाच जणांच्या हातात द्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतेय. थिअरी नाही. कुठे आपटलो आणि किती वेळ गेला तेवढंच.

४ फेब्रुवारी

आधी परिस्थिती. माल साठवून पुढे पाठवणारी मध्यम कंपनी, दोन शिफ्ट, ऑफिस आणि गोडाऊन एकाच आवारात. बीसीपी सात वर्षं मी एकटीच बघतेय. गेल्या वर्षी ऑपरेशनमुळे तीन आठवडे घरी होते, आणि नेमकं त्याच काळात वार्षिक ड्रिल होतं, ते रद्द झालं. रजिस्टरमध्ये कारण लिहिलंय "मॅडम रजेवर". काम थांबू नये म्हणून केलेला प्लॅन एक बाई आजारी पडली म्हणून थांबला. ऑडिटमध्ये कोणी काही बोललं नाही, पण मला ती ओळ टोचत राहिली.

आज माझाच ९४ पानी प्लॅन उघडला आणि कालच नोकरीला लागल्यासारखा वाचला. ज्या ज्या शब्दांचा खरा अर्थ "मॅडमला विचारा" असा होतो ते सगळे पिवळे केले. "संबंधितांना कळवावे" १७ वेळा, "आवश्यक ती कार्यवाही करावी" ११ वेळा, "नेहमीच्या पद्धतीनुसार" ९ वेळा. एकूण ३७. सगळी वाक्यं मीच लिहिलेली. संबंधित कोण ते मला पाठ होतं म्हणून लिहायची गरज वाटली नाही, एवढंच.

आता या ३७ चं शून्य करायचं, हेच या प्रकल्पाचं माप. माणसं किती शिकली वगैरे मोजायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

६ फेब्रुवारी

पहिली चूक लगेच. सगळ्या डिपार्टमेंट हेडना मेल टाकला, "बीसीपी शिकवण्यासाठी एक-एक व्यक्ती द्या". सात नावं आली. प्रत्येकाने जो त्या दिवशी मोकळा होता तो पाठवलेला. एक जण जॉइन होऊन अकरा दिवस झालेला, एकाची बदली ठरलेली, आणि एकाला वाटलं फायर ड्रिलसाठी शिट्टी वाजवायचं काम आहे.

१२ फेब्रुवारी

नावं परत केली, थोडी नाराजी झाली, आठवडा गेला. दुसऱ्यांदा हेडना न विचारता खाली फिरून एकच प्रश्न विचारला: मागच्या वेळी सिस्टम बंद पडलं तेव्हा तुम्ही कोणाला फोन केला होता? दहा मिनिटांत पाच नावं पक्की झाली. डिस्पॅचचे शिफ्ट सुपरवायझर, माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, सगळे त्यांना दादा म्हणतात, मीपण. अकाउंट्सच्या ताई. आयटीतला एक पोरगा. कस्टमर सपोर्टमधली मुलगी. पर्चेसमधला एक जण जो मीटिंगमध्ये कधीच बोलत नाही. यातलं एकही नाव पहिल्या यादीत नव्हतं.

१३ फेब्रुवारी

पहिलं सेशन. ४८ स्लाइड, दोन तास. आयएसओ २२३०१ (बिझनेस कंटिन्युइटीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) काय, त्याची २०१२ ची आवृत्ती, २०१९ ची आवृत्ती, बीआयए (कोणतं काम बंद पडलं तर किती फटका बसेल याचा अभ्यास) काय, आरटीओ आरपीओ काय, सगळं नीट क्रमाने सांगितलं. आरटीओ म्हटल्यावर निम्म्या चेहऱ्यांवर गाडीचं लायसन्स दिसत होतं ते मला कळलं, तरी मी पुढे गेले.

शेवटी फॉर्म दिला. आपापल्या कामाचा आरटीओ लिहा, म्हणजे बंद पडल्यावर किती वेळात परत सुरू व्हायला हवं. पाचही जणांनी "४ तास" लिहिलं. मला आधी वाटलं बरं झालं, एकमत आहे. मग स्लाइड ३१ बघितली. उदाहरणात मीच ४ तास टाकले होते.

तयारीसकट माझे १४ तास आणि त्यांचे प्रत्येकी दोन, असे २४ तास पाण्यात. वर हजेरीच्या शीटवर सगळ्यांच्या सह्या आहेत, म्हणजे कागदोपत्री पाच माणसं प्रशिक्षित झाली! स्टँडर्डच्या ७.२ कलमात सक्षमता मागितलीय, हजेरी नाही, पण फाइलमध्ये लागते ती हजेरी.

१८ फेब्रुवारी

स्लाइड बंद. आता मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसते, प्रत्येकी ४५ मिनिटं. प्रश्न पण बदलले. आरटीओ हा शब्दच काढायचा नाही. सकाळी ९ ला हे बंद पडलं तर पहिला ओरडणारा फोन किती वाजता येईल, कोणाचा? दुपारी १ पर्यंत तसंच राहिलं तर? उद्या सकाळपर्यंत? कधी डोक्यावरून पाणी जाईल? त्या वेळेच्या बऱ्याच आधी कधी आपल्याला उभं राहायला हवं? आणि शेवटच्या किती वेळाचं काम पुन्हा हाताने भरायची तुमची तयारी आहे? हे झाल्यावर मी शीटवर लिहून दाखवते की डोक्यावरून पाणी म्हणजे एमटीपीडी, उभं राहायची वेळ म्हणजे आरटीओ, हाताने भरायची तयारी म्हणजे आरपीओ. शब्द शेवटी दिला की चिकटतो, आधी दिला की घरंगळतो.

ताईंचं उत्तर: "महिन्यातली कोणती तारीख, त्यावर आहे." पगाराच्या चार दिवसांत संध्याकाळपर्यंत, एरवी आठवडाभर बंद राहिलं तरी कोणी मरत नाही. माझ्या शीटवर सात वर्षं एकच आकडा आहे, ४८ तास. पगाराच्या आदल्या दिवशी ४८ तास म्हणजे काय झालं असतं ते ताईंनी सांगायची गरज नव्हती.

दादांचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवलंय. मी विचारलं, ऑर्डर सिस्टम गेलं तर? "काही नाही मॅडम. मी कागदावर चालवतो, आधी तसंच चालायचं. पण तो लेबल प्रिंटर गेला ना, तर मेलो." मग त्यांनी नेऊन दाखवला. डिस्पॅचच्या कोपऱ्यात, वर प्लास्टिकचा कागद झाकलेला, झाकण रबर बँडने बांधलेलं. बारकोडचं लेबल त्याच्यातूनच निघतं, लेबलशिवाय गाडीवाला खोकं घेत नाही. स्टोअरमध्ये दुसरा प्रिंटर आहे, पण त्याचा ड्रायव्हर फक्त एकाच पीसीवर टाकलेला आणि लेबलचा साइज सेट करायला येतं फक्त रात्रपाळीच्या एका मुलाला. रिबन तर त्याच्यात नाहीच.

माझ्या ९४ पानांत प्रिंटर हा शब्द दोनदा येतो. दोन्ही वेळा "प्रिंटरवर या प्लॅनची प्रत काढून ठेवावी" असा.

२७ फेब्रुवारी

आता एकमेकांचं बीआयए एकमेकांनी करायचं, मी नुसती शेजारी. जोड्या लावल्या: दादा अकाउंट्सचं करणार, ताई डिस्पॅचचं, सपोर्टची मुलगी पर्चेसचं, पर्चेसवाला आयटीचं, आयटीवाला सपोर्टचं. कारण असं की स्वतःच्या कामाबद्दल माणूस "हे तर सगळ्यांनाच माहिताय" म्हणून निम्मं गाळतो (माझे ३७ आठवा), परक्याला ते विचारावंच लागतं.

पहिल्या दिवशी गोंधळ झाला, दादांनी ताईंना प्रश्न विचारायच्या ऐवजी उत्तरंच सुचवायला सुरुवात केली. हो ना ताई, दोन दिवस चालतं ना. माझ्याकडूनच शिकले असणार.

पण पाच शीट एकत्र टेबलावर मांडल्यावर पर्चेसचा न बोलणारा बोलला, "हे लॅपटॉप तेच आहेत का?" सपोर्टच्या शीटवर पर्यायी व्यवस्था म्हणून ५ स्पेअर लॅपटॉप, अकाउंट्सच्या शीटवर ४, पर्चेसच्या शीटवर ५. कपाटात आहेत एकूण ६. आणि त्यातला एक चालू होत नाही हे आयटीवाल्याने हळूच सांगितलं. सात वर्षं मी प्रत्येक शीट वेगवेगळी भरली, सही घेतली, फाइल केली. बेरीज केलीच नाही कधी!

निर्णय तिथेच झाला: पहिल्या दिवशी सपोर्टला ३, अकाउंट्सला २, पगाराच्या आठवड्यात उलट. पर्चेस फोनवर काम चालवणार. मी ठरवलं असतं तर तीन मेल आणि एक भांडण झालं असतं.

६ मार्च

कॉल ट्री टेस्ट, म्हणजे एकाने काहींना, त्यांनी पुढच्यांना असे फोन करत सगळ्यांना कळवायची चाचणी. सपोर्टच्या मुलीने चालवली. ४२ माणसं, ३० मिनिटं. पोचले १९. सात नंबर जुने, बाकीच्यांनी अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही. एक फांदी अख्खी अडकली, कारण वरच्याने फोन उचलला नाही आणि फोन लावणारा बिचारा प्रामाणिकपणे त्यालाच लावत बसला, अकरा वेळा. नियम केला: दोन प्रयत्न, मग त्याला सोडून त्याच्या खालच्यांना थेट. आणि मेसेजचं पहिलं वाक्य ठरवलं, नाहीतर प्रत्येक जण आपल्या मनाची बातमी पुढे सरकवतो, चौथ्या माणसापर्यंत सर्व्हरचं आगीत रूपांतर झालं होतं.

१३ मार्च

आज दोन गोष्टी. सकाळी वर्ग, नंतर रिस्टोर टेस्ट, म्हणजे बॅकअपमधून सिस्टम परत उभं करायची चाचणी.

वर्गात स्लाइडऐवजी एक खरी घटना वाचली. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने ३१ जानेवारी २०१७ ची आपली गडबड स्वतःच सविस्तर मांडलीय. थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा डिलीट करायची कमांड चालवली, थांबवेपर्यंत ३०० जीबीच्या आसपासच्या डेटातले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता, टूलचं व्हर्जन आणि डेटाबेसचं व्हर्जन जुळत नव्हतं, आणि बॅकअप फेल झाल्याचे मेल सुटत होते पण ते पलीकडे नाकारले जात होते. वाचले ते एका कॉपीमुळे, जी एकाने वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतली होती. आमच्या आयटीच्या पोराने हे ऐकून काही न बोलता लॅपटॉप उघडला आणि आमचे बॅकअप फेल झाल्याचे मेल कोणाला जातात ते बघितलं. कंपनी सोडून गेलेल्या माणसाच्या आयडीवर.

दोन तासांच्या लेक्चरने जे झालं नसतं ते वीस मिनिटांत झालं. तेव्हापासून प्रत्येक सेशनला एक खरी घटना, पण एकच.

आता टेस्ट. गृहीत असं की मुख्य सर्व्हर गेला, ऑर्डर सिस्टम दुसऱ्या मशीनवर उभं करायचं. प्लॅनमध्ये ४ तास. सुरुवात ११ ला. बॅकअप फाइल मिळाली, हिरवी टिकमार्क, सगळे खूश. फाइल एन्क्रिप्टेड. पासवर्ड? पासवर्ड व्हॉल्टमध्ये. व्हॉल्ट कुठे? ज्या सर्व्हरला आपण सकाळी ११ ला मेलेला मानलाय त्याच्यावर.

पोराने माझ्याकडे बघितलं. मी सवयीने तोंड उघडणार होते की चालू आहे रे खरं तर, घे त्यातून. नशीब दादा तिथे होते. "मेलाय ना मॅडम तो? मग मेलाय." म्हणून खरोखर दुसरा रस्ता शोधला: जुन्या हँडओव्हरची वही, मग बॅकअप सॉफ्टवेअरच्या सपोर्टला फोन, मग ओळख पटवायचे सोपस्कार. रात्री ८.४० ला सिस्टम उभं. ९ तास ४० मिनिटं.

जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या चुकीच्या अपडेटने ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली, तेव्हाही काही ठिकाणी डिस्क उघडायच्या किल्ल्या बंद पडलेल्या मशीनवरच होत्या. मी ते वाचलं होतं, इतरांना पाठवलंही होतं, आणि स्वतःचा व्हॉल्ट बघितला नव्हता.

उपाय: पासवर्ड छापून बंद पाकिटात, दोन ठिकाणी. हे पाकीट लक्षात ठेवा, पुढे येतंय.

२० मार्च

पहिलं टेबलटॉप. म्हणजे टेबलाभोवती बसून "असं झालं तर काय कराल" हे तोंडी खेळायचं. ९० मिनिटं, मी चालवलं, मला वाटलं छान झालं. रेकॉर्डिंग होतं. आयटीच्या पोराने गंमत म्हणून वेळ मोजली आणि जरा घाबरतच सांगितलं: ९० पैकी ५८ मिनिटं मी बोलतेय.

घरी जाऊन ऐकलं. भयंकर आहे. ताई विचारतात, बँकेला कोण कळवणार? कोणी उत्तर द्यायच्या आत, मोजून दोन सेकंदांत, मी. दादा काहीतरी म्हणायला लागतात, मी त्यांचं वाक्य पूर्ण करते, आणि चुकीचं पूर्ण करते, आणि ते "हो मॅडम" म्हणून गप्प बसतात. माझी समजूत होती की मी शिकवतेय, पण रेकॉर्डिंगमधली बाई पाच साक्षीदारांसमोर एकटीच ड्रिल करत होती.

३ एप्रिल

दुसरं टेबलटॉप. सपोर्टची मुलगी चालवणार, मी मागच्या खुर्चीत. नियम मीच घातला: तोंड उघडायचं नाही, जे बोलावंसं वाटेल ते वहीत लिहायचं, वेळेसकट. पेन हातात असलं की जीभ थोडी कमी वळवळते.

तिने आधी लिहिलेला प्रसंग मला दाखवला होता, त्यात आग, पूर, रॅन्समवेअर आणि संप एकाच दुपारी होते. मी एवढंच विचारलं की यात टेबलावरच्यांनी करण्यासारखं काय उरलंय. ती हसली आणि कापत कापत एवढ्यावर आली: ऑर्डर सिस्टम बंद, आणि आयटीवाला लग्नाला गेलाय, फोन लागत नाही. एक वस्तू मोडलेली, एक माणूस नाही. पहिल्या काही खेपेला याहून जास्त नको, हे माझं आता ठाम मत.

मधेच तिने चिठ्ठी टाकली: ऑफिसचा चॅट पण बंद. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तासांच्या आसपास बंद होतं तेव्हा त्यांची आतली साधनंही बंद पडली होती, तिथून उचललेलं. टेबलावर एकदम शांतता. मी वहीत लिहिलं, "कॉल ट्रीचा कागद!! ड्रॉवरमध्ये!!" आणि खाली रेघा मारत बसले. चार मिनिटं गेली. मोजलेली चार मिनिटं, फार लांब असतात. मग पर्चेसवाला उठला, ड्रॉवर उघडला, कागद काढला.

वहीत एकूण २३ नोंदी झाल्या. संध्याकाळी सगळ्यांसोबत बसून तपासल्या. १४ गोष्टी त्यांनी स्वतःच केल्या होत्या, फक्त माझ्यापेक्षा उशिरा. ६ करायची गरजच नव्हती, माझ्या सवयी होत्या. उरल्या ३, ज्या खरंच फक्त माझ्या डोक्यात होत्या: वाहतूकवाल्यांच्या रात्रीच्या माणसाचा नंबर, विम्यासाठी किती तासांत कळवायचं ती मुदत, आणि जनरेटरवर कोणती सॉकेट चालतात ते.

सात वर्षांचा अनुभव गाळला तर तीन ओळी. वाईट वाटलं थोडं, खरं सांगायचं तर. पण त्या तीन ओळींसाठीच सगळे मला फोन करायचे. आता त्या प्लॅनमध्ये आहेत.

या सगळ्या प्रकल्पातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही वही उचला.

११ एप्रिल

९४ पानं बाजूला ठेवून एका प्रसंगाला एक कार्ड. ज्याचं काम त्याने लिहायचं. दादांचं पहिलं कार्ड:

"प्रिंटर गेला तर. १. झाकण उघडून बंद करा, रिबन ताणा. दोनदाच. २. स्टोअरमधला आणा, चावी गेटवर. ३. फक्त खिडकीजवळच्या पीसीला जोडा, दुसऱ्याला चालत नाही. ४. तोवर ज्या गाडीला आधी जायचंय तिची लेबलं ऑफिसच्या साध्या प्रिंटरवर, कागद कापून, वरून चिकटपट्टी. बारकोडवर चिकटपट्टीची सुरकुती नको, स्कॅन होत नाही."

मी हे घेतलं आणि "सुधारलं". मुद्रण यंत्रणा अकार्यान्वित झाल्यास वगैरे. दोन दिवसांनी डिस्पॅचला गेले तर भिंतीवर दादांचा हाताने लिहिलेला कागद, माझं लॅमिनेट केलेलं कार्ड त्याच्या मागे, वारा लागू नये म्हणून आधाराला. मुकाट्याने दादांचं व्हर्जन टाइप केलं, खाली तारीख, व्हर्जन नंबर आणि मालकाचं नाव घातलं. डॉक्युमेंट कंट्रोलला तेवढं पुरतं, भाषेबद्दल स्टँडर्ड काही म्हणत नाही.

२४ एप्रिल

सपोर्टच्या मुलीला दुसरीकडे चांगली नोकरी लागली, आठ दिवसांत गेली. आनंद आणि धक्का दोन्ही. तिचं बीआयए आयटीच्या पोराने केलेलं असल्यामुळे त्याने नव्या माणसाला दोन दिवसांत सपोर्टची कार्डं समजावली, मला फक्त कळवलं. पण एजन्सीच्या तीन माणसांचे नंबर तिच्या स्वतःच्या फोनमध्ये होते, ते परत जमवायला चार दिवस लागले. कार्डावर लिहिलं होतं "एजन्सीला फोन करा". हा ३८ वा.

१२ मे

५ ते ९ मे मी रजेवर होते, फोन बंद. हेच ड्रिल. साहेबांना आधी सांगून ठेवलं होतं की मधल्या एका सकाळी ऑर्डर सिस्टम खरंच बंद करायचं, कोणत्या दिवशी ते मलाही सांगू नका. बंद करायचं बटण आयटीच्या हेडकडे, पोराला पत्ता नाही. खरी गडबड झालीच तर थांबवायचा अधिकार फक्त साहेबांना. हे आधी लिहून ठेवा, नाहीतर ड्रिलच अपघात व्हायचं.

आज परत आले तर टेबलावर त्यांनी लिहिलेला लॉग. मी वाचत होते आणि हात वहीकडे जात होता.

९.१२ ला बंद. ९.३७ ला डिस्पॅच कागदावर. मी असते तर दोन तास वाट बघा म्हटलं असतं, प्लॅनमध्ये तसंच होतं. दादांनी वाट बघितली नाही आणि ते बरोबर होतं, पहिली गाडी वेळेवर गेली. १०.०५ ला पाकीट उघडलं. पासवर्ड चालेना. एप्रिलमध्ये तीन महिन्यांच्या नियमाने पासवर्ड बदलला होता, व्हॉल्टमध्ये नवा गेला, पाकिटात जुनाच. दुसऱ्या पाकिटातही तोच जुना, कारण दोन्ही एकाच दिवशी भरली होती. पाऊण तास गेला, मग आयटीच्या हेडकडून नवा मिळाला. २.२२ ला सिस्टम उभं. ५ तास १० मिनिटं, म्हणजे ४ तासांत बसलं नाही.

आणि खरा त्रास नंतर झाला. कागदावरच्या ६३ ऑर्डर सिस्टममध्ये चढवायच्या होत्या, कोणी कोणत्या चढवल्या ते ठरलं नव्हतं, चार दोनदा चढल्या, एक माल दोनदा निघाला. पाचही कार्डांवर "बंद पडल्यावर" आहे, "परत सुरू झाल्यावर" कोणाच्याच कार्डावर नाही. माझ्या ९४ पानांतही नव्हतं, म्हणून त्यांनाही मिळालं नाही. मला जे येत नव्हतं ते मी शिकवू शकले नाही, सरळ हिशोब आहे.

ताईंनी लगेच उपाय केलाय: कागदी ऑर्डरवर आधीच नंबर छापलेली पुस्तकं, चढवली की कोपरा फाडायचा. मला नसतं सुचलं.

२० मे

हिशोब. माझे ११८ तास, बाकीच्यांचे सगळ्यांचे मिळून १४० च्या आसपास. त्यातले सरळ वाया गेलेले: पहिलं सेशन २४, चुकीची नावं आणि परत नावं मिळून ६, कार्डं "सुधारण्यात" माझे ५. पहिलं टेबलटॉप मी वाया धरत नाही, ते रेकॉर्डिंग अजून ऐकते अधूनमधून.

३८ पैकी उरले ५. त्यातले दोन विम्याच्या कागदांबद्दल आहेत आणि ते मलाही नीट माहीत नाहीत, "संबंधित" लिहून मी स्वतःलाच फसवत होते.

प्लॅनच्या पहिल्या पानावर मालक म्हणून आता ताईंचं नाव. त्यांनी आल्या आल्या माझा आवडता रंगीत रिस्क मॅट्रिक्स शेवटच्या पानावर ढकलला, मी काही बोलले नाही, वहीत लिहिलं.

बाकी कामं: पासवर्ड बदलला की त्याच दिवशी पाकीट बदलायचं, हे आयटीच्या बदलाच्या चेकलिस्टमध्ये टाकायचंय, पोरगा करतोय. "परत सुरू झाल्यावर" ची कार्डं जूनपर्यंत. बंद लॅपटॉप दुरुस्तीला गेलाय. स्टोअरमधल्या प्रिंटरसाठी मागवलेली रिबन काल आली, पण चुकीच्या रुंदीची, दादांनी परत पाठवलीय.